आईच्या वहीतल्या चांगल्या गोष्टी

७ जानेवारी, रविवार

धाकटे,

पाकीट फोडलंस म्हणजे निम्मं काम झालं. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागदावर उतरले. अक्षर ओळखून तोंड वाकडं केलं असशील, ते मला इथून दिसतंय.

घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. उलट सगळं फार छान चाललंय आणि ते कुणाला तरी सांगावं म्हणून लिहितेय. डिसेंबरात कारखान्यात दोन दिवसांचा वर्ग झाला, आनंदी सवयींचा. पांढऱ्या बुटांचे एक तरुण सर आले होते. आम्हा तपासणीवाल्या बायकांना त्यांनी गोल करून बसवलं आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा हसता?" मी म्हटलं, "सर, एका पाळीत चारशे शर्ट माझ्या हाताखालून जातात. प्रत्येकात खोट शोधायचा मला पगार मिळतो. हसत बसले तर सुटलेला टाका कोण बघणार?" सगळ्या खिदळल्या. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "आणि संध्याकाळी हीच नजर तुम्ही घरी नेता का?"

ते लागलं गं मला. दोन दिवस डोक्यातून जाईना. मग ठरवलं, आता पुरे.

त्यांनी दिलेला तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर लावलाय. घरातल्या चौघांच्या चार रांगा. सकाळी वीस मिनिटं चालायचं, पाणी आठ पेले, जेवताना फोन नाही, रात्रीच्या जेवणाला प्रत्येकाने दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची. आणि सगळ्यात मोठी सवय: तक्रार करायची नाही. शब्दानेही नाही. रोज सगळं पाळलं की साखळीतली एक कडी वाढते. गंमत अशी की साखळी सगळ्या घराची मिळून एकच असते. एकाने जरी तोडली तरी सगळ्यांची तुटते, पुन्हा एकपासून सुरुवात. सर म्हणाले, त्यामुळे घर एकत्र येतं. शंभर दिवस पुरे करणाऱ्या घराला समुद्रकाठच्या विश्रामगृहात चार दिवस राहायला मिळणार आहे. आमच्या भिंगरीने आत्ताच पोहण्याचे कपडे काढून ठेवलेत. दहा वर्षांची झाली, पण पाय अजून जमिनीला टेकत नाहीत तिचे. हिरव्या खुणा करायचं काम तिच्याकडे आहे आणि ती पोलिसासारखा पहारा देते.

प्रत्येकाने स्वतःची एक जादा सवय घ्यायची होती. मी लिहिलं: तुटलेलं नातं जोडणे, दर रविवारी एक पत्र. तेव्हा फार हुरळून जाऊ नकोस, हे पत्र पेटीत पडलं की माझ्या रांगेत खूण होते. खरं ते सांगितलं.

आईला नियम समजावला तर ती म्हणते, "म्हणजे आता या घरात बोलायचं तरी काय?" तुला हसू आलं ना? मलाही आलं. पण अडीच वर्षांपूर्वी मी तुला दुसरीकडे राहा म्हणाले, ते याच कटकटीपायी. पंखा फास्ट, खिडकी उघडी, मीठ कमी, चपला आडव्या. तुम्ही दोघी सकाळी तोंड धुवायच्या आधी सुरू व्हायच्या आणि मध्ये माझं भरीत व्हायचं. तू गेल्यापासून घर शांत आहे, हे मला कबूल करायलाच हवं.

तुझी,
ताई


२१ जानेवारी, रविवार

धाकटे,

उत्तर नाही. हरकत नाही, माझी खूण लिहिण्याला आहे, उत्तराला नाही.

आमची साखळी शुक्रवारी तुटली. अठरा दिवस पुरे होऊन एकोणिसाव्याला. जेवायला बसलो होतो, प्रत्येकाची चांगली गोष्ट चालली होती. आईची पाळी आली तर तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "छातीवर जड वाटतंय गं दोन दिवस. आणि हा जिना मला झेपत नाही आता."

भिंगरी ओरडली, "आजी! तक्रार!" आणि मग रडारड. टेबलाखाली जाऊन बसली, आजीमुळे गेलं, आजीमुळे गेलं. तुझे भावोजी तिला काढायला खाली वाकले तर त्यांचंच डोकं आपटलं.

मी आईला पित्ताची गोळी दिली. तासाभराने बरं वाटलं म्हणाली, म्हणजे वायूच असणार. पण मी तिला एवढं बोलले की, सांगायचंच होतं तर मला बाजूला घेऊन सांगायचं होतंस. ती म्हणाली, "बाजूला घेऊन सांगितली तर ती तक्रार नसते का?" मी म्हटलं, "असते. नियम म्हणजे नियम." आता लिहिताना जरा कडक वाटतंय, पण सवय अशीच लागते. सूट दिली की संपलं.

आईने भिंगरीला टेबलाखालून बाहेर काढलं. तिचं नाक पुसून म्हणाली, "पुन्हा नाही हं मी तुझी साखळी तोडणार." मला इतकं बरं वाटलं. सत्तराव्या वर्षी माणूस बदलायला तयार होतं, हे थोडं नाही. ऐनवेळी चांगली गोष्ट आठवत नाही म्हणत होती, म्हणून मी तिला एक निळी वही आणून दिली. सुचेल तेव्हा लिहून ठेव, जेवताना मी वाचून दाखवीन, असं ठरलंय.

काल पुन्हा पहिली कडी.

ताई


१८ फेब्रुवारी, रविवार

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. अडीच वर्षांनी आलं ते एका ओळीचं: "आई हल्ली कशावरून ओरडते?"

कशावरूनच नाही! आज तिसावा दिवस. तीस दिवसांत आईच्या तोंडून एक वाकडा शब्द निघालेला नाही. तुझा विश्वास बसणार नाही म्हणून तिच्या वहीतल्या काही ओळी उतरवून पाठवते. स्वतःच्या डोळ्यांनी वाच.

"आज तिसऱ्या पायरीवर ऊन होतं. बसून घेतलं."

"दोन घासांतच पोट भरलं. अन्न वाया गेलं नाही."

"भिंगरीने माझी पिशवी वरपर्यंत आणली."

"आज तिसरी उशी मिळाली. बसल्या बसल्याही झोप लागते, हे मला ठाऊक नव्हतं."

बघ तरी! आपल्याला जिना म्हणजे नुसता जिना. तिला त्यात ऊन दिसतं. मी ही पानं कारखान्यात नेऊन जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचली, तर बटणवाल्या मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. पांढऱ्या बुटांच्या सरांनी फोटो काढून घेतला. पुढच्या वर्गात दाखवणार म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आईचं कुणी कौतुक केलं आणि मी तिथे उभी होते.

तुला कबूल करायचं नसेल तर करू नकोस, पण ती आनंदी आहे. हळू चालते, हळू बोलते. पूर्वी कशी सगळ्यांच्या वर आवाज चढवायची! आता तर एक वाक्य बोलून मध्ये थांबते, मग पुढचं बोलते. सर म्हणतात, बोलण्याआधी विचार करणं ही वरच्या पायरीची सवय आहे.

ताई


१७ मार्च, रविवार

धाकटे,

दुसरं कार्ड मिळालं. "तिला डॉक्टरकडे ने." याही वेळी एकच ओळ, आणि तीही हुकूम. तुमच्या छापखान्यात शाईचं रेशन आहे का?

राग आला, लपवत नाही. मी तुला चांगल्या गोष्टी पाठवल्या आणि तुला त्यात आजार दिसला. आईच्या तिखट स्वभावातला वाटा तुझ्याकडेच आलाय, माझ्याकडे नाही. लांब बसून बोट दाखवायला काय लागतं?

तरीही मी विचारलं तिला. उगाच नंतर ऐकून घ्यायला नको. गेल्या रविवारी सगळे टेबलाशी असताना म्हटलं, "आई, तुला काही होतंय का? डॉक्टरकडे जाऊ या का?" भिंगरी दाराशी हिरवं पेन घेऊन उभी होती. आईने तिच्याकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे मी." झालं समाधान?

आज अठ्ठावन्नावा दिवस. तिची खाट खिडकीजवळ सरकवलीय. तिने मागितलं नव्हतं, नुसतं म्हणाली, "खिडकीजवळ हवा किती छान असते." वहीत परवा लिहिलं होतं, "मोजे घट्ट बसतात, पाय उबदार राहतात." मी नवे मोठे मोजे आणले, तर तेही घट्टच. हल्ली मापांचं काही खरं नाही. आमच्याकडे असला माल आला तर मी आख्खा गठ्ठा परत पाठवीन.

एक गंमत सांगते. परवा तुझे भावोजी जेवता जेवता म्हणाले, "घर जरा जास्तच शांत झालंय." भिंगरीने पेन उगारलं. तर घाईघाईने म्हणाले, "म्हणजे छान शांत." आम्ही पोट धरून हसलो. आईही हसायला लागली, पण तिला ठसका लागला आणि ती उठून आत गेली.

ताई


१४ एप्रिल, रविवार

धाकटे,

आज जरा मन खट्टू आहे. नियमात बसत नाही, पण पत्रात चालतं असं मी ठरवलंय.

काल घड्याळाचा पट्टा बदलायला खालच्या घड्याळवाल्यांकडे गेले. पट्टा लावता लावता ते म्हणाले, "ताई, रागावू नका. आजींनी कुणाला सांगू नका म्हणून बजावलंय, पण राहवत नाही. त्या फिरायला म्हणून खाली येतात ना, त्या कुठे जात नाहीत. माझ्या दुकानात या स्टुलावर बसतात. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं झाली की उठतात आणि वर जातात."

"कधीपासून?"

"फेब्रुवारी असेल. मी पाणी देतो, कधी घेतात, कधी नको म्हणतात. बोलत नाहीत फार. धाप लागलेली असते त्यांना."

माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. धाप वगैरे माझ्या कानात शिरलंच नाही, खरं सांगते. माझ्या कानात एवढंच शिरलं की पन्नास-साठ खुणा खोट्या आहेत. सगळं घर एवढं जीव तोडून करतंय, कारखान्यात माझं नाव झालंय, आणि आई घड्याळाच्या दुकानात बसून वेळ काढतेय!

वर जाऊन विचारलं, "आई, खोटी खूण?" ती खाटेवर बसली होती. दोन्ही हात मागे टेकून. नाकारलं नाही तिने. म्हणाली, "भिंगरीला सांगू नकोस. उद्यापासून चालते."

मी सांगितलं नाही. शंभराला चौदा दिवस उरलेत, आता पोरीचा हिरमोड कशाला? मात्र या आठवड्यात माझी दुसरी पाळी आहे, सकाळ मोकळी. उद्यापासून मीच तिच्याबरोबर जाणार आहे.

ताई


१९ एप्रिल, शुक्रवार

धाकटे,

आई इस्पितळात आहे. "काळजी करू नकोस" असं लिहायला घेतलं होतं, खोडलं.

काल सकाळी फिरताना तिला चक्कर आली. रस्त्यावरच्या लोकांनी रिक्षा थांबवली. शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणतात, हृदय नीट काम करत नाही आणि फुप्फुसांत पाणी साठलंय. नाकाला नळी लावलीय. तपासण्या चालू आहेत. वयाने होतं असं, मी स्वतःला समजावतेय.

तुला फोन लावला. नऊ वेळा.

ताई


२१ एप्रिल, रविवार

धाकटे,

परवाच्या पत्रात मी खोटं लिहिलं. म्हणजे, लिहिलं ते खरं होतं, पण जे लिहायला हवं होतं ते ठेवून दिलं. चारशे शर्टांतला एक टाका सुटला तर मला रात्री जेवण जात नाही, आणि इथे बघ.

तिला चक्कर "आली" नाही. मी तिला चालवलं.

सोमवारी कोपऱ्यापर्यंत नेलं, मंगळवारी त्याच्या पुढे. बुधवारी ती तीन वेळा थांबली. दर वेळी एखाद्या झाडाला हात टेकवून म्हणायची, "किती छान झाड आहे." मी म्हटलं, "आई, झाडं येताना बघ." गुरुवारी तिने माझं कोपर धरलं होतं, घट्ट. तिच्या ओठांचा रंग मला दिसला. मी तो बघितला, धाकटे, हे तुला सांगायचंय. बघितला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "चल, सहाच मिनिटं राहिली." ती "छान" म्हणाली आणि रस्त्यावर बसली. पडली नाही. लहान मूल बसतं तशी बसली.

इस्पितळात डॉक्टर तिला विचारत होते, कधीपासून त्रास होतोय, आडवं झाल्यावर धाप लागते का, पाय कधी सुजले. ती प्रत्येक प्रश्नाला म्हणत होती, "छान आहे." ते माझ्याकडे वळले. मलाही काही सांगता येईना. शेवटी तुझ्या भावोजींनी घरून ती निळी वही आणून त्यांच्या हातात दिली.

ते उभ्याउभ्याच वाचायला लागले. मग खुर्ची ओढली. खिशातून पेन काढलं आणि एकेका ओळीखाली रेघ मारत गेले. मला तारखा विचारत होते. ऊन कुठल्या आठवड्यात? तिसरी उशी कधी? दोन घास कधीपासून? त्यांच्या कागदावर शेजारी शेजारी सगळं उतरत होतं. मोज्यांच्या ओळीशी ते थांबले. "आजींनी तर सगळं लिहून ठेवलंय," ते म्हणाले. "इतकं व्यवस्थित सांगणारा पेशंट मला क्वचित मिळतो. हे वाचत कुणी नव्हतं का?"

मी म्हटलं, "मी वाचत होते. रोज. मोठ्याने."

त्यांनी पुढच्या ओळीखाली रेघ मारली. मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

तुझ्या दोन्ही कार्डांबद्दल मी आता काय लिहू? तुला दोन ओळींत दिसलं ते मला तीन महिने दिसलं नाही. तुमच्या भांडणात मला कटकट ऐकू यायची. ती तुला कुठे दुखतं ते सांगत होती आणि तू ऐकत होतीस, हे मला कळलंच नाही. मी तुला घरातून काढलं, म्हणजे नेमकं काय काढलं, हे मला परवा त्या खुर्चीसमोर उभं राहून कळलं.

तक्ता मी फाडला. भिंगरीला खरं सांगितलं. ती रडली नाही, नुसती विचारत राहिली, "आजीने मला घाबरून सांगितलं नाही का?" मी म्हटलं, "तुला नाही गं, मला." तिला पटलेलं दिसत नाही. कालपासून ती जेवताना तोंडच उघडत नाही. हे आणखी एक माझ्या पदरात.

आता ज्यासाठी हे लिहितेय ते. औषधं चालू आहेत, पण किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत. छातीत कळ कुठे येते, केव्हा येते, कमी झाली की वाढली, हे तिने सांगितलं तर त्यांना पुढचं ठरवता येईल. ती सांगत नाही. मी तिचे पाय धरले. म्हटलं, "आई, नियम संपला. ओरड, शिव्या दे मला." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे गं. तुझा दिवस चांगला जाऊ दे."

आज सकाळी नर्सबाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांना सांगावं की नाही कळत नव्हतं. म्हणाल्या, "तुम्ही खोलीबाहेर गेलात की आजी कण्हतात. तुमची पावलं वाजली की थांबतात."

मला पटेना. पाणी आणते म्हणून बाहेर पडले, चपला काढल्या आणि दाराआड उभी राहिले. आधी काहीच नाही. मग आलं. बारीक, दात आवळून धरलेलं, प्रत्येक श्वासाला. आपल्या आईचं कण्हणं मी चोरून ऐकलं, धाकटे. किती वेळ उभी होते माहीत नाही. चपला घालून आत गेले तर ती हसून म्हणाली, "आलीस?" घामाने तिचं कपाळ भिजलं होतं. मी ते पुसलं आणि तिला त्याचीही लाज वाटली.

टपालावर विसंबायला आता वेळ नाही. तुझे भावोजी हे पत्र घेऊन स्वतः तुझ्या दारात येताहेत. वाचून होईपर्यंत ते पायरीवर बसतील. माझ्यावरचा राग सोडू नकोस, तो तसाच घेऊन ये. तिच्या खोलीत जा, पंखा फास्ट कर, खिडकी लाव, काहीही कर, पण तिच्याशी भांड. तुझ्यासमोर तिने कधी काही झाकलेलं नाही. ती जे ओरडेल ते नर्सबाईंना सांग.

मी खाली दरवाज्याजवळच्या बाकावर बसलेय. इथून तिला माझी पावलं ऐकू येत नाहीत. तू येईपर्यंत मी वर जाणार नाही.

ताई